गोळीचा तळ

जरा बसा. घाई नाही.

उजवा हात मांडीवर ठेवा. तळवा वर. बोटं सैल.

तळव्यावर शिशाची एक गोळी आहे. डोळे मिटा आणि तिचं वजन घ्या. तीन तोळ्यांना जेमतेम कमी. एवढ्याशा आकाराला हे वजन जास्त वाटतं. वाटू द्या.

शिसं आधी गार लागतं. मग हळूहळू हाताची ऊब घेतं. ती ऊब कशी सरकते, तेवढंच पाहा.

आता डोळे उघडा.

गोळी लांबट आहे. पुढचा भाग बोटाच्या पेरासारखा निमुळता, मागचा सरळ. सरळ भागाभोवती गोल चर आहेत, आणि चरांत फिकट पिवळं मेण भरलंय. एन्फील्ड रायफलीतून आज झाडतात ती ही गोळी. एन्फील्ड म्हणजे 1853 साली ब्रिटिश सैन्यासाठी ठरलेली ठासणीची रायफल. तोंडाकडून दारू, तोंडाकडूनच गोळी.

नजर आपसूक टोकाकडे जाते. टोक पुढे जाणार, लक्ष्याला तेच आधी भिडणार, म्हणून सगळं त्याच्यावर अवलंबून असेल असं वाटतं.

पाहा हवं तर. घटकाभर पाहा.

मग गोळी उलटी करा.

तळाला पोकळी आहे.

करंगळीचं टोक तिच्या तोंडाशी टेकवा. पोकळीभोवती शिशाची पातळ कड आहे. नखानं दाबली तर खूण उठेल, इतकी मऊ. दाबू नका. नुसतं बोट फिरवा, एक पूर्ण फेरी. कड सगळीकडे सारखी लागते का?

आज आपण इथेच राहणार आहोत. मैदान येईल, आवाज येईल, धूर येईल आणि विरेल. मन भटकलं की इथे परत या.

तळ. पोकळी. कड.

श्वास घ्या. सोडा.

*

आता नळीकडे पाहू.

नळी 39 इंच लांब आहे, जवळजवळ एक मीटर. आतल्या अंगाला तीन खाचा आहेत. त्या सरळ जात नाहीत, हलका पीळ घेत जातात. गोळीनं या खाचा पकडल्या तर ती फिरते. फिरली तर नाक पुढे ठेवून जाते. लांबट गोळी न फिरता निघाली, तर हवेत कोलमडते, आडवी होते, कुठेही जाते.

खाचा पकडायच्या तर गोळी घट्ट हवी.

तोंडाकडून भरायची तर सैल हवी.

दोन्ही एकाच गोळीकडून हवं.

या गाठीपाशी थांबा. लगेच सोडवू नका. पुष्कळ वर्षं ती कुणाला सुटत नव्हती. कुणी घट्ट गोळी ठोकून ठोकून आत घालत. कुणी गोल गोळीला तेलकट चिंधी गुंडाळत. शिकाऱ्याला ते चालून जाई. रांगेत उभ्या असलेल्या सैनिकाला तेवढा वेळ नसे.

1849 साली फ्रेंच कॅप्टन क्लोद-एतिएन मिनिए यांनी गोळी नळीपेक्षा किंचित बारीक ठेवली, आणि तिच्या तळाला पोकळी दिली. पोकळीच्या तोंडाशी लोखंडाची छोटी वाटी बसवली. दारू पेटली की वाटी आत घुसे आणि शिशाला बाहेरच्या बाजूला रेटे. शिसं फुलून खाचांत बसे.

पुढे अमेरिकेत, हार्पर्स फेरीच्या शस्त्रशाळेत, जेम्स बर्टन यांनी ती वाटी काढून टाकली. पोकळी तेवढी ठेवली.

पुरलं.

या साऱ्या इतिहासात मला ते वाटी काढणं सर्वांत प्रिय आहे. पोकळीत काही घालावं लागलं नाही. धूर आणि दाब स्वतःच आत शिरतात, कड फुलवतात, आणि सैल गेलेली गोळी घट्ट होऊन निघते.

पुन्हा तळाकडे पाहा.

ही कड पातळ का आहे, ते आता बोटालाही कळतंय.

*

गोळी ओतली जाते तिथे क्षणभर जाऊ.

लोखंडी भांड्यात शिसं वितळतंय. सुमारे 327 अंशांवर ते वितळतं, आणि ओतण्यासाठी त्याहून बरंच तापवावं लागतं. दार-खिडक्या उघड्या आहेत. पृष्ठभाग आधी चकाकतो, मग त्यावर मळकट साय धरते. ती बाजूला सारली की खाली पुन्हा चकाकी.

शिसं शुद्ध हवं. अँटिमनी मिसळलेलं कडक शिसं इथे नको. कडक शिशाची कड फुलत नाही.

पळी कलते. साचा भरतो. थांबा.

साचा उघडतो.

पहिल्या काही गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, कारण साचा अजून गार आहे. त्या परत भांड्यात जातात. रागावण्यासारखं काही नाही. साचा तापेपर्यंत हेच चालतं.

मग एक गुळगुळीत गोळी येते. तिला तराजूत घालतात. दिसायला सारख्या असलेल्या दोन गोळ्यांत एक हलकी भरते. तिच्या आत कुठेतरी हवेचा बुडबुडा अडकलाय, डोळ्याला न दिसणारा. तीही परत भांड्यात.

आणि शेवटी तळ. प्रत्येक गोळीचा तळ उजेडाकडे धरून पाहतात. टोकावर ओरखडा असला तर बहुधा चालून जातं. कडेला खोच असली तर चालत नाही. एकच खोच, केसाएवढी, तरी ती गोळी बाजूला.

नेम धरायला अजून अवकाश आहे. बंदूक अजून हातातही घेतलेली नाही. पण नेमाचं अर्धंअधिक काम इथे, या उजेडात, होतंय.

तुमच्या हातातली गोळी उजेडाकडे धरा. कड पाहा. एक फेरी. आणखी एक.

*

चरांतल्या मेणाला बोट लावा. मऊ आहे, किंचित चिकट. मधमाश्यांचं मेण आणि चरबी किंवा तेल. दारूची काजळी नळीत वाळून कडक होऊ नये म्हणून ते असतं.

बोट तसंच राहू द्या.

याच स्निग्धतेशी आपलंही नातं आहे. एन्फील्डची काडतुसं हिंदुस्थानात आली तेव्हा त्यांच्या कागदाला चरबी लावलेली असे, आणि तो कागद दातांनी फाडायची कवायत होती. जानेवारी 1857 मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडममध्ये कुजबुज सुरू झाली: ही चरबी कुणाची? गाईची? डुकराची? 24 एप्रिलला मेरठमध्ये 85 सवारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. 10 मे रोजी तिथेच भडका उडाला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच साली उत्तरेकडे निघाले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये काडतुसांची ती हकीकत मराठीत आली आहे.

बोटावर मेणाचा पातळ थर आहे. एवढाच. ओठांशी नेण्याची सक्ती झाली, की एवढ्याशा थराचं किती वजन होतं.

ते वजन जाणवू द्या. त्यावर काही बोलू नका.

मग बोट पुसा.

*

आता मैदानावर या.

इंग्लंडमधलं बिस्ली. 1890 पासून इथे निशाणबाजीच्या स्पर्धा भरतात, आणि ठासणीच्या बंदुकाही इथे अजून बोलतात. सकाळ आहे. गवत ओलं आहे. दूरवर पांढऱ्या कागदावर काळं वर्तुळ.

तिकडे पाहू नका अजून.

रायफल उभी धरा. दस्ता जमिनीवर, नळीचं तोंड आकाशाकडे आणि तुमच्या चेहऱ्यापासून दूर.

पितळी मापात दारू भरा. सोरा, कोळसा, गंधक. शंभरात पंचाहत्तर, पंधरा, दहा. काळे बारीक दाणे. साडेचार ग्रॅमच्या आसपास. डब्यातून थेट नळीत कधीच नाही. आत ठिणगी राहिली असेल तर डबा हातात फुटतो. नेहमी मापातून.

माप तेवढंच भरा, जेवढं मागच्या वेळी भरलं होतं. बोटानं तेवढंच टिचकवा.

ओता. ऐका. दाणे नळीतून सळसळत खाली जातात, आणि शांत होतात.

गोळी घ्या. तळ खाली.

पाहा, तळच आधी आत जातो. टोक आकाशाकडे पाहत राहतं. दारूला जाऊन भिडणार तो तळ.

अंगठ्यानं हलकेच दाबा. गोळी तोंडात बसते. आता गज. गजाच्या टोकाला गोळीच्या नाकाच्या मापाची खोलगट वाटी कोरलेली आहे, नाक चेपू नये म्हणून.

एकाच संथ दाबानं खाली न्या.

आणि कान द्या. नळीतली हवा खालच्या बारीक छिद्रातून सुस्कारत बाहेर पडते. गोळी खाली येतेय, हवा वाट देतेय. फार हळू आवाज आहे. शेजारी कुणी बोललं तर ऐकू येत नाही.

गोळी दारूवर टेकली की हाताला कळतं. तिथे थांबा. ठोकू नका. ठोकलं तर दाणे चुरडतात, नाक बसतं. अधांतरीही सोडू नका. गोळी आणि दारू यांच्यात मोकळी जागा राहिली तर नळी फुगते, फाटूही शकते. टेकलेली हवी, आणि दर वेळी तेवढ्याच दाबानं टेकलेली.

गजावर एक रेघ आखलेली आहे. रेघ नळीच्या तोंडाशी आली. बरोबर.

गज काढा.

आता तळ अंधारात आहे, दारूवर विसावलेला. तुम्हाला तो दिसत नाही. त्याला मनात धरून ठेवा.

*

रांगेत या. पालथे झोपा. गवताचा गारवा पोटाला लागू द्या. दस्ता खांद्याच्या खळग्यात. गाल लाकडावर.

टोपी सर्वांत शेवटी. तांब्याची इवलीशी टोपी, आत स्फोटक थर. ती छिद्रावरच्या छोट्या नळीवर दाबून बसवा. टोपी बसेपर्यंत ही बंदूक गप्प असते.

इथे जरा केंटच्या किनाऱ्यावर, हाइथला जाऊन येऊ. 1853 साली ब्रिटिशांनी तिथे बंदुकीची शाळा काढली. नव्या शिपायाला आधी बरेच दिवस गोळी मिळत नसे. उभं राहणं, धरणं, नेम धरणं, अंतर ओळखणं, एवढंच. मग एक पाठ असा: नळीच्या तोंडापुढे पेटती मेणबत्ती. नळी रिकामी, फक्त टोपी बसवलेली. शिपाई ज्योतीवर नेम धरी आणि चाप ओढी. टोपीचा फुत्कार नळीतून बाहेर येई. नळी हलली नसेल तर ज्योत विझे.

हलली असेल तर ज्योत तशीच उभी.

ती ज्योत समोर ठेवा. चाप ओढा. पाहा.

पुन्हा ठेवा. पुन्हा ओढा.

ज्योत कुणावर रागावत नाही. विझते किंवा विझत नाही. मला वाटतं, निशाणबाजी शिकवण्याची याहून प्रेमळ रीत कुणाला सुचली नसेल.

बिस्लीच्या गवतावर परत या.

आता लक्ष्याकडे पाहा.

तीन गोष्टी एका ओळीत आणायच्या आहेत: मागची खाच, पुढची माशी, दूरचं काळं वर्तुळ. डोळ्याला तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. डोळ्याचा हट्ट असतो वर्तुळ पाहण्याचा. तो हट्ट सोडा. माशी स्पष्ट ठेवा. वर्तुळ पुसट होऊ द्या.

पुसटच राहू द्या.

श्वास घ्या. अर्धा सोडा. उरलेला तसाच ठेवा.

नाडी दस्त्यात जाणवते. माशी तिच्याबरोबर हलकीशी वर जाते, खाली येते. तिला थांबवू नका, थांबत नाही. दोन ठोक्यांच्या मधली जागा शोधा.

चापावर बोट. दाब वाढतो. अजून थोडा.

कधी सुटेल ते ठरवू नका.

*

सुटलं.

आता हा क्षण हातानं धरून ताणू या. खरं तर तो डोळा लवण्याआधी संपतो, पण आपल्याला वेळ आहे.

घोडा खाली येतो. अजून काही झालेलं नाही. गोळी जागेवर आहे.

टोपी पेटते. ठिणगी छिद्रातून आत. अजून गोळी जागेवर आहे.

दारू पेटते, दाणा दाण्याला पेटवत. दाब वाढतो आणि पोकळीत शिरतो.

इथे थांबा. इथेच यायचं होतं आपल्याला.

पोकळी भरते. कड फुलते. चहूबाजूंनी सारखी, कारण ती चहूबाजूंनी सारखी ओतली गेली होती. मऊ शिसं खाचांत उतरतं, त्यांचा पीळ धरतं. गोळी वळू लागते.

या नळीचा पीळ 78 इंचांत एक फेरा घेतो. नळी 39 इंच. म्हणजे इतक्या सगळ्या खटाटोपानंतर नळीच्या आत गोळी अर्धीच गिरकी घेते. अर्धी. बाहेर पडल्यावर मात्र त्याच वेगानं ती सेकंदाला शंभराहून जास्त वेळा फिरत राहते.

टोक तोंडाबाहेर येतं. उजेड दिसतो त्याला. पण तळ अजून आत आहे. तळ आत असेपर्यंत गोळी नळीची आहे.

मग कड सुटते. कडेचा प्रत्येक बिंदू एकाच क्षणी सुटला, तर मागचा वायू सगळीकडून सारखा निसटतो आणि गोळी डगमगत नाही. एका बाजूला खोच असेल तर वायू तिथून आधी निसटतो, तळाला किंचित ढकलतो, आणि दूरच्या कागदावर ती केसभर खोच बोटभर, वीतभर होऊन उमटते.

टोकानं काय केलं? टोक पुढे गेलं. नीट जायचं की नाही, ते तळानं ठरवलं.

आणि तुम्ही? तुम्ही अजून तिथेच आहात ना? गाल लाकडावर, नजर माशीवर?

राहा. ठासणीच्या बंदुकीत चाप सुटण्यापासून गोळी सुटेपर्यंत वेळ जातो. त्या वेळात डोकं उचललं, तर नळीही हलते. बार झाला तरी राहा. खांद्याला धक्का बसला तरी राहा. समोर पांढरा धूर उभा आहे, काही दिसत नाही, तरी राहा.

गंधकाचा वास येतो. वारा धूर बाजूला नेतो.

आता उठा हवं तर.

*

दोन आठवणी इथे मनात येतात. येऊ द्या.

2 जुलै 1860. विंबल्डन. जोसेफ व्हिटवर्थ यांची षट्कोनी नळीची रायफल घडवंचीवर आवळून बसवलेली आहे, नेम आधीच धरून ठेवलेला. राणी व्हिक्टोरिया चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढते. 400 यार्डांवर गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागते. नळी किती खरी होती ते त्यातून दिसतं. पण त्या बारात कुणाचा श्वास नव्हता, नाडी नव्हती. मी त्याच्याकडे आदरानं पाहतो, आणि पुढे जातो.

1874 चा सप्टेंबर. न्यूयॉर्कजवळचं क्रीडमूर. आयरिश संघ रिग्बी यांच्या ठासणीच्या रायफली घेऊन आलाय, अमेरिकन संघाकडे मागून भरायच्या नव्या बंदुका. 800, 900 आणि 1000 यार्ड. अखेरचा हिशेब: अमेरिका 934, आयर्लंड 931. मध्यबिंदूला चार गुण होते. एका आयरिश नेमबाजाची गोळी बरोबर मध्यात लागली होती, शेजारच्या लक्ष्याच्या. तिचे गुण शून्य.

त्या गोळीजवळ थोडं बसा.

तिच्या ओतण्यात काही उणं नव्हतं. दारू मोजून घेतलेली. गज नीट टेकवलेला. तळ निर्दोष. सगळं बरोबर झालं होतं, आणि शेजारी झालं होतं.

काही म्हणावंसं वाटेल. म्हणू नका. श्वास घ्या.

*

आजच्या जागतिक स्पर्धांत मिनिए यांच्या नावाचा एक प्रकार आहे. 100 मीटर, पालथं झोपून. 30 मिनिटांत 13 बार, त्यांतले चांगले 10 धरतात. एका बाराला दोन मिनिटांहून जरा जास्त. त्यात दारू मोजायची, गोळी उतरवायची, गज परत ठेवायचा, टोपी लावायची, श्वास शांत करायचा. प्रत्यक्ष नेम काही सेकंदांचा. बाकी सगळा वेळ मागच्या कामाचा.

दुसरा बार भरायच्या आधी जरा थांबा. आत ठिणगी उरली असेल, ती विझू द्या.

मग ओलसर चिंधी गजावर, आणि एकदा आत-बाहेर. चिंधी काळी होऊन येते. काळ्या दारूतलं निम्म्याहून जास्त वजन वायू होतच नाही, घन राहतं. काही धूर होऊन गेलं, काही नळीच्या अंगाला बसलं. हवा दमट असली की हा थर मऊ राहतो. कोरड्या दिवशी त्याची खपली होते, आणि पुढची गोळी अडकत खाली जाते. हाताला लगेच कळतं. आजची हवा कशी आहे ते नाकाला विचारण्यापेक्षा गजाला विचारा.

एकदा पुसलं. पुढच्या वेळीही एकदाच पुसा. जितकं, तितकंच.

माप. टिचकी. सळसळ. तळ खाली. सुस्कारा. रेघ.

पुन्हा.

*

संध्याकाळ होते. बार संपले. लक्ष्याचे कागद उतरवून झाले, त्यांवर जे उमटलं ते उमटलं.

आता नळीचा तळ. गोळीचा तळ जिथे विसावत होता, ती जागा.

नळीत उरलेल्या क्षारांना हवेतलं पाणी ओढायची सवय आहे. एक रात्र तशीच ठेवली तरी गंज धरतो, आणि तो सर्वांत आधी त्या अंधाऱ्या टोकाला धरतो, जिथे डोळा पोचत नाही. म्हणून पाणी गरम करा. छिद्रावरची छोटी नळी काढून ठेवा. नळीचं खालचं टोक पाण्यात ठेवा, गजावर चिंधी घट्ट बसवा, आणि वर ओढा. पाणी नळीत चढतं. खाली न्या. काळं होऊन उतरतं.

आवाज ऐका. वर, खाली. सावकाश.

पाणी बदला. करडं येतं. आणखी एकदा बदला. आता स्वच्छ.

नळी गरम झालीय, हाताला सोसेल इतकी. तिच्या उष्णतेनंच ती आतून वाळते. कोरडी चिंधी फिरवा, मग तेलाची.

हात साबणानं धुवा. दिवसभर शिसं हाताळलंय.

उद्या सकाळी कोरडी पांढरी चिंधी गजावर लावून पुन्हा एकदा तळापर्यंत न्या, आणि उजेडात आणून पाहा. तांबूस डाग दिसला तर पाणी परत चुलीवर ठेवा.